परत त्याच वॉर्डात

माझा मावसभाऊ निवासी केंद्रातून घरी आला तेव्हा मावशीने पेढे वाटले. सात महिन्यांनी त्याला पुन्हा तिथे ठेवावं लागलं, तेव्हा तिने शेजारी सांगितलं की तो नोकरीसाठी बाहेरगावी गेलाय. मला मात्र तिने विचारलं, “बरा झाला होता ना रे? मग परत कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. नंतर जोआन ग्रीनबर्गची ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ वाचली आणि तिच्या शेवटाशी थबकलो.

1964 साली ही कादंबरी हॅना ग्रीन या टोपणनावाने आली. नायिका डेबोरा सोळा वर्षांची आहे. तिला स्किझोफ्रेनिया आहे आणि तिच्या डोक्यात ‘इर’ नावाचं एक राज्य आहे, त्याची वेगळी भाषा आणि वेगळे देव असलेलं. तिची रुग्णालयातली तीन वर्षं म्हणजे ही गोष्ट. लेखिका स्वतः 1948 ते 1951 या काळात अमेरिकेतल्या चेस्टनट लॉजमध्ये होती. कादंबरीतल्या डॉक्टर फ्रीड या तिथल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांच्यावरून घेतल्या आहेत.

वाचक बहुधा डॉक्टरांच्या प्रेमात पडतात. मीही पडलो. बांधून ठेवलेल्या एका रुग्ण बाईला परिचारक मारतो, हे डेबोरा त्यांना सांगते. वरिष्ठांच्या कानावर घालीन, एवढंच त्या कबूल करतात; न्याय मिळेलच असं म्हणत नाहीत. आपण गुलाबांच्या बागेचं वचन दिलंच नव्हतं, हे त्या इथे सांगतात. म्हणजे पुस्तकाचं नाव येतं ते रुग्णालयातच झालेल्या अन्यायातून. खोटा दिलासा न देणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

पण डॉक्टर भेटतात तासभर. उरलेला दिवस वॉर्डचा असतो. मला जास्त मोलाचा वाटला तो मॅकफर्सन हा परिचारक. एका नव्या सहकाऱ्याला रुग्ण छळत असतात. तो डेबोराला बाजूला घेऊन ते थांबवायला सांगतो, आणि तेही चिडून. तिला समजतं, की याने आपल्याला काहीतरी करू शकणारी व्यक्ती धरलंय. आमच्या घरात दादाशी सगळे फार गोड बोलायचे. त्याच्यावर कुणी चिडत नव्हतं, आणि कुणी त्याला काही काम सांगतही नव्हतं.

पुढे डेबोरा गावात खोली घेते, शाळेच्या परीक्षेचा अभ्यास करते, पास होते. दुसरा कुणी लेखक इथेच थांबला असता. ग्रीनबर्ग तिला पुन्हा कोसळू देते आणि सर्वांत गंभीर रुग्णांच्या वॉर्डात परत आणते. तिथल्या गोंगाटात डेबोरा पाठ्यपुस्तकं मागवून वाचायला बसते. कादंबरी इथे संपते. परत येणं हे हरणं नाही, असं कुणी पात्र म्हणत नाही. ती पुस्तकं ते सांगतात.

एक धोका मात्र आहे. हे पुस्तक गोळ्यांविरुद्धचा पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. डेबोराच्या काळी आजच्यासारखी औषधंच नव्हती. क्लोरप्रोमाझिन आलं ते 1950च्या दशकात. पुढे याच चेस्टनट लॉजने संवादावरच्या श्रद्धेपायी राफेल ओशेरॉफ या डॉक्टर-रुग्णाला 1979 मध्ये सुमारे सात महिने नैराश्यावरच्या औषधांशिवाय ठेवलं. तो खालावत गेला, दुसऱ्या रुग्णालयात औषधांनी सावरला आणि त्याने लॉजवर दावा लावला. एकेकाळी आधार देणारी जागाही आपल्याच पद्धतीच्या प्रेमात पडली की रुग्णाचं ऐकेनाशी होते. फ्रीड यांच्या प्रतिमेत कादंबरीला ही शक्यता दिसत नाही. तो तिचा उणेपणा.

तरीही मधल्या पायऱ्यांचं महत्त्व तिला कळलंय. आम्ही कोड थेट लाइव्ह करत नाही, आधी स्टेजिंगवर चालवून बघतो. माणसाला मात्र वॉर्डातून सरळ घरी आणि सोमवारपासून ऑफिसला पाठवतो. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हाफवे होम आणि आधारासह निवास यांची तरतूद आहे. घराघरांत मात्र अजून ‘बरा झाला’ किंवा ‘नाही झाला’, एवढेच दोन शब्द आहेत.

गेल्या रविवारी मावशीसोबत दादाला भेटायला गेलो. तो तिथल्या स्वयंपाकघरात चाळीस जणांच्या पोळ्यांची कणीक मळत होता. मला बघून म्हणाला, “बसू नकोस, कांदे चिर.” मावशी डोळे पुसत हसली. मी कांदे चिरले.