चोवीस टक्क्यांत शेतकरी कुठे आहे?

दर पंधरा ऑगस्टला फोनवर एक फॉरवर्ड येतोच: १७०० साली, म्हणजे मुघल साम्राज्य सर्वांत मोठं असताना, जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा २४ टक्के होता, मग इंग्रजांनी सगळं लुटलं. लूट झाली, त्याबद्दल वाद नाही. पण हा आकडा ज्यातून येतो ते अँगस मॅडिसन यांचं ‘द वर्ल्ड इकॉनॉमी’ (२००१) कुणी उघडून बघतं का? मी मागचे तक्ते बघितले आणि चक्रावलो.

१५००, १६०० आणि १७००. तिन्ही साली भारताचं दरडोई उत्पन्न ५५० डॉलर (१९९०च्या किमतींत). मधे बाबर आला, अकबराने राज्य बसवलं, औरंगजेब दख्खनेत उतरला, दुष्काळ पडले, आकडा ढिम्म. कोड रिव्ह्यूत असं दिसलं तर आम्ही लगेच विचारतो, व्हॅल्यू हार्डकोड केलीय का? इथे तरी वेगळं काय आहे? हा आकडा मोजलेला नाही, गृहीत धरलेला आहे.

मग २४ टक्के येतात कुठून? डोक्यांवरून. त्याच तक्त्यांत भारताची लोकसंख्या साडेसोळा कोटी आहे, जगाची साठ कोटींच्या आसपास. म्हणजे २७ टक्के माणसं आणि २४ टक्के उत्पन्न! ब्रिटनचं दरडोई उत्पन्न तेव्हाच १,२५० डॉलर धरलंय. शिवाय हा ‘भारत’ म्हणजे अख्खा उपखंड, फक्त मुघलांचं राज्य नव्हे.

या फॉरवर्डपेक्षा शिरीन मूसवी यांचं १९८७चं पुस्तक वाचा. ‘ऐन-ए-अकबरी’तल्या आकड्यांवरून त्या १५९५च्या सुमाराची अर्थव्यवस्था उभी करतात. वाचायला रुक्ष आहे, पण पैसा कुणाकडे जात होता ते कळतं. ए. जान कैसर यांचा शाहजहानच्या काळाचा हिशेब तर अंगावर येतो: साम्राज्याच्या आकारलेल्या महसुलापैकी सुमारे ६० टक्के अवघ्या ४४५ मनसबदारांच्या नावे. त्यात जहागिरी सतत बदलायच्या. तीन-चार वर्षांत दुसरीकडे जाणारा जहागीरदार विहिरीवर खर्च कशाला करेल? इरफान हबीब यांनी १९६३मध्येच यावर बोट ठेवलं होतं.

आपणही यातून सुटत नाही. १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई बादशहाकडून मराठ्यांना मिळाली. ती याच वसुलीतली. कंपनी आली तेव्हा तिनेही आधी बंगालची दिवाणीच मागून घेतली, १७६५ साली. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आहे.