दात बघायचे की सेकंद?

संशोधनाची तयारी करताय ना? मग धान निघाल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या शंकरपटाला जा आणि बैलाचा भाव कसा ठरतो ते कान देऊन ऐका. दोन पक्ष हमखास भेटतात. एक म्हणतो, दात बघा, वय महत्त्वाचं. दुसरा म्हणतो, दात काय बघता, घड्याळातले सेकंद बघा. माझ्या मते दोघांचीही पद्धत अपुरी आहे.

आधी वय. बैलाचे समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण 8. पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत येते, चौथी पाचव्या वर्षाच्या आसपास. त्यामुळे दोन दाती, चार दाती, सहा दाती हे चांगलं मोजमाप आहे. पण दात एकदा जुळले की पुढे झीज बघून नुसता अंदाज. आणि वयामुळे भाव उतरायला लागतो तो याच टप्प्यात! जिथे माप हवं, तिथेच मोजपट्टी संपते.

आता सेकंद. वेळ नोंदली जाते ती जोडीची. त्यात सोबतचा बैल, हाकणारा, धावपट्टीची माती, सगळंच आलं. एकाच बैलाचं श्रेय वेगळं काढायचं, तर दुसऱ्या जोडीदारासोबत तो कसा धावला हे बघावं लागेल.

शिवाय नोंदींत मोठं खिंडार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात परवानगी मिळाली 16 डिसेंबर 2021 ला आणि 18 मे 2023 च्या निकालाने राज्याचा कायदा टिकला. मधल्या साडेसात वर्षांत ज्या बैलांची उमेद सरली, त्यांचे अधिकृत आकडे कुठून आणणार? आकडा नाही म्हणजे वेग नव्हता, असं होत नाही.

सगळ्यात फसवा युक्तिवाद मात्र हा: ‘जुने बैलही पट मारतात, म्हणजे वयाने काही फरक पडत नाही.’ अहो, जे मंदावले ते केव्हाच नांगराला गेले किंवा विकले गेले. पटात उरलेले जुने बैल हे गाळून उरलेले आहेत. त्यांची सरासरी काढली तर वय निरुपद्रवीच दिसणार. म्हणून तोच बैल गेल्या वर्षी आणि यंदा कसा धावला ते ताडून बघा, आणि जे थांबले त्यांनाही हिशेबात धरा.

मग भाव कसा लावायचा? सेकंद सांगतात आजवर काय झालं. वय सांगतं ते अजून किती हंगाम टिकेल. घेणारा पैसे मोजतो ते पुढच्या हंगामांचे. दोन दातीकडे हंगाम भरपूर, पण वेगाची खात्री नाही. जुळलेल्याचा वेग ठाऊक, पण हंगाम थोडे. दोन्ही एकत्र धरल्याशिवाय भाव निघत नाही, आणि चुकला तर एका शेतकऱ्याची वर्षाची कमाई जाते.

तुमच्या विषयातही हेच तपासा. तुमच्या तक्त्यात जे दिसतायत ते ठीक; त्यातून गळले कोण?