मेघांतील जल व हिम : उपग्रहीय ‘मापना’ची चिकित्सा

मेघांतील द्रवजल व हिम यांच्या उपग्रहीय माहितीस ‘मापन’ म्हणणे कितपत योग्य, हे तपासणे आवश्यक ठरते. २८ एप्रिल २००६ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘नासा’च्या क्लाउडसॅटवरील ९४ गिगाहर्ट्झचे रडार मेघाचा उभा छेद दाखवी, हे त्याचे मोठे यश होय. परंतु रडार जल मोजत नाही. परतलेल्या लहरींची तीव्रता मोजते. सूक्ष्म थेंबांबाबत ही तीव्रता व्यासाच्या सहाव्या, तर जलाचे वस्तुमान तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. परिणामी मोजके टपोरे थेंब असंख्य बारीक थेंबांना झाकून टाकतात.

याहून गंभीर प्रश्न अवस्थेचा आहे. केवळ रडारवर आधारित प्रमाणित माहितीत उणे २० अंश सेल्सिअसखाली सर्व हिम, शून्यावर सर्व जल आणि दरम्यान तापमानानुसार सरळ वाटणी गृहीत धरलेली आहे. हे तापमानही हवामान-प्रारूपातूनच घेतलेले! अतिशीत जल तर उणे ३० अंशांखालीही आढळते. अशा आकड्यांवरून प्रारूपे पडताळणे म्हणजे काही अंशी प्रारूपालाच प्रारूपाचा साक्षीदार करणे होय.

सहप्रवासी कॅलिप्सोचा लेसर ध्रुवीकरणावरून थेंब व स्फटिक वेगळे ओळखी. मात्र दाट मेघात तो खोलवर पोहोचत नसे. दोहोंची सांगड घातलेल्या नोंदी म्हणूनच अधिक विश्वासार्ह. दोन्ही मोहिमा २०२३ मध्ये संपल्या. मे २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या अर्थकेअरवर रडार व लेसर एकाच यानावर आहेत.