'सक्षमीकरण' : एका संज्ञेचे परीक्षण

स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत गृहनिर्माण, युवककार्य, अल्पबचत अशा सर्वच कार्यक्रमांना 'सक्षमीकरण' ही एकच संज्ञा लाविलेली आढळते. ती स्वीकारण्यापूर्वी तिची घडण तपासली पाहिजे. ही रचना संस्कृतातील च्वि-प्रत्ययाची आहे. वैयाकरणांनी ह्या प्रत्ययाचा अर्थ 'अभूततद्भाव' असा सांगितला आहे. म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे. शुक्लीकरणापूर्वी वस्त्र शुभ्र नसते. तद्वत सक्षमीकरणापूर्वी माणूस अक्षम असतो, हे गृहीत ह्या शब्दाच्या पोटातच आहे. शिवाय 'करण' म्हटले की करणारा दुसरा कोणी आहे, हेही ओघानेच आले.

हे गृहीत मुंबईतील एका उदाहरणावर पडताळून पाहू. १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' संस्थेने भायखळा भागातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांमध्ये काम आरंभिले व १९८५ साली पदपथवासीयांची गणना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे मान्य केले. मात्र पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. १९८६ साली ह्या स्त्रियांतून 'महिला मिलन' उभे राहिले. तेथे निरक्षर सभासदांच्या बचतीचा हिशेब रंगीत कागदाच्या तुकड्यांनी ठेवला जाई; रंगावरून रक्कम ओळखावयाची. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एक स्वयंपूर्ण चिन्हव्यवस्थाच होय. तुटपुंज्या मिळकतीतून शिल्लक टाकणारी आणि असा हिशेब चालविणारी स्त्री अक्षम होती, असे कोण म्हणेल?

मग संस्थेने काहीच केले नाही काय? तसे मुळीच नव्हे. रंगीत कागद बँकेच्या खिडकीवर चालत नाहीत, आणि दप्तरी नोंद नसलेल्यास पर्यायी घर मागता येत नाही. ती नोंद घडविणे व कार्यालयांशी वाटाघाटी करणे हे कार्य संस्थेचे. गणनेच्या त्या ग्रंथाचे 'वुई, द इन्व्हिजिबल' हे नाव म्हणूनच अर्थपूर्ण आहे. त्यात 'आम्ही अदृश्य' असे म्हटले आहे, 'आम्ही अक्षम' असे नाही. च्वि-प्रत्यय योजावयाचाच तर 'दृश्यीकरण' म्हणावे. कारण शासनाच्या दृष्टीस ह्या स्त्रिया पूर्वी खरोखरच पडत नव्हत्या.

हा शब्दांचा काथ्याकूट नव्हे. अक्षम मानलेल्या माणसास शिकवण दिली जाते. अदृश्य राहिलेल्या माणसाचा हक्क मान्य करावा लागतो. म्हणून अशा अहवालाच्या परीक्षकाने प्रथम एवढेच विचारावे, की बदलले कोण: ती स्त्री, की तिच्याकडे पाहणारे कार्यालय?