आदिवासी विद्यार्थ्यांची शैक्षणिक दरी आणि अध्यापनाची भाषा : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२.३ टक्के होती. राज्यातील अनुसूचित जमातींची मात्र ६५.७ टक्के. आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात एकूण साक्षरताच ६४.४ टक्के होती. या दरीची कारणमीमांसा करताना पालकांची उदासीनता व दारिद्र्य यांवर बोट ठेवले जाते. शाळेची भाषा मात्र बहुधा चर्चेबाहेर राहते.

विवेचन :
सातपुड्यातील पावरा किंवा भिल्ल बालकाला पहिलीत अक्षरओळख आणि अपरिचित प्रमाण मराठी अशा दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. आठवडे बाजारात तोंडी हिशेब करणाऱ्या मुलाचे शाब्दिक उदाहरण चुकले, तर ते गणितात चुकले की भाषेत, हे गुणपत्रिका सांगत नाही. भाषेची अडचण अशा रीतीने बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाते.

तरतुदींचा अभाव आहे, असेही नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे तिन्ही प्रारंभिक शिक्षणात मातृभाषेचा पुरस्कार करतात. परंतु कायद्यातील ‘शक्य तेथवर’ ही सवलत व्यवहारात पळवाट ठरते. नर्मदा खोऱ्यातील जीवनशाळांनी १९९० च्या दशकापासून स्थानिक बोलीला वर्गात स्थान दिले. म्हणजे ते अशक्य नव्हते.

तथापि, भाषा हेच एकमेव कारण मानणे एकांगी ठरेल. ऊसतोडीसाठी कुटुंब स्थलांतरित झाले, की बोलीतील पाठ्यपुस्तकही गावातच राहते. शिवाय मूल बोलीतच अडकून पडले, तर उच्च शिक्षणाची दारे बंद होतात. म्हणून बोली हा मुक्काम नव्हे, तर मराठी व इंग्रजीकडे नेणारा पूल असावा. तो बांधण्यासाठी बोली जाणणारा शिक्षक हवा.

समारोप :
१८२५ मध्ये आउट्रॅमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. राज्यसत्तेने भिल्लांना सामावून घेतले, ते स्वतःच्या अटींवर. आजची शाळाही आदिवासी बालकाला प्रवेश देते. परंतु त्याने आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी, ही अट कायम आहे. ती अट न काढता केलेले दरीचे प्रत्येक मोजमाप शाळेचे अपयश बालकाच्या नावावर लिहीत राहील.