दुर्बळ कोण, हे ठरवायचे कोणी? पौल, रमाबाई आणि उघडे दार

मागच्या व्याख्यानात आम्ही ल्यूथरच्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या 1520 मधल्या पुस्तिकेपाशी थांबलो होतो. श्रद्धेने मोकळा झालेला माणूस प्रेमापोटी शेजाऱ्याशी बांधला जातो, असा तिचा आशय. ऐकायला छान वाटते. अडचण येते ती ताटावर बसल्यावर.

करिंथ शहरात, इ. स. 55 च्या सुमारास, भांडण ताटावरूनच होते. देवळात बळी दिलेल्या जनावराचे मांस बाजारात विकायला येई. मराठी बायबल त्याला 'नैवेद्य' म्हणते, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर उगाच मोदक येतो, ते असो. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला हरकत काय, असे काही जण म्हणत. पौलाला ते मान्यच आहे. बाजारातले खुशाल घ्या, चौकशा करू नका, असेही तो सांगतो. पण तुमचे बघून एखादा दुर्बळ भाऊ स्वतःच्या मनाविरुद्ध खाणार असेल, तर तुम्ही सोडा. म्हणजे बघा, माघार घ्यायची ती ज्याला मोकळीक आहे त्याने. यात पौलाचे मोठेपण आहे.

आमचा आक्षेप 'दुर्बळ' या शब्दाला. तो बलवानांच्या बाजूने आलेला शब्द आहे.

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार या नजरेने वाचावा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या, अंडे घातलेले पुडिंगसुद्धा नको. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जुना गर्व दिसला. जातीचे संस्कार आपल्यात उरलेले असतील, हे रमाबाई नाकारत नाहीत. पण म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावरून खाणार नाहीत. आता पौलाचा नियम लावून पाहा. सिस्टरच्या हिशेबी रमाबाई दुर्बळ, मग नमते घ्यायला हवे होते सिस्टरने! झाले उलटेच. तू मुक्त आहेस ना, मग खाऊन दाखव, असा तो सूर.

इथवर रमाबाईंची बाजू घेणे सोपे आहे. खरा पेच शारदा सदनात. 1889 मध्ये मुंबईत सदन निघाले, पुढच्याच वर्षी पुण्याला आले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, हे ठरलेले. स्वयंपाकपाण्यात उच्चवर्णीय विधवांचे आचार सांभाळले जात. करिंथचा पाठ बाईंनी सिस्टरपेक्षा चांगला गिरवला होता. पण स्वतःची प्रार्थना त्या खोलीचे दार उघडे ठेवून करत. बोलावणे कोणाला नाही, मज्जावही नाही. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

ज्या समाजाने या मुलींची डोकी धर्माच्या नावाने भादरली, त्याने त्यांच्या धर्मरक्षणाचा कळवळा दाखवावा, हे आम्हाला आजही हास्यास्पद वाटते. तरी प्रश्न उरतोच. करिंथचा पाहुणा ताटावरून उठून आपल्या घरी जाऊ शकत होता. सदनातली बालविधवा कुठे जाणार? जिच्या हातून जेवण, कपडा आणि मुळाक्षरे मिळतात, तिच्या उघड्या दारासमोरून निर्विकारपणे जाणे सोपे नसते. उलट बाजूने, या मुलींना स्वतःचे काही ठरवताच येत नाही असे म्हणालो, तर आम्हीही त्यांना 'दुर्बळ'च म्हटले की!

आमचे मत असे: दार उघडे ठेवण्याचा हक्क रमाबाईंना होता. पण आत न येणाऱ्या मुलीचे काहीच बिघडत नाही, याची खात्री करून घेण्याचे कामही त्यांचेच होते, मुलींचे नव्हे. ते त्यांनी किती केले, हे रानड्यांच्या किंवा केसरीच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही. सदनात राहिलेल्यांना विचारायला हवे. अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी ख्रिस्ती झाल्या नाहीत. 1893 मध्ये, त्याच गदारोळाच्या वर्षी, धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र पुढच्या वेळी घेऊ. जमल्यास वाचून या.