धावून न येणारा देवदूत

आपल्याकडे देवदूत भेटतो तो बहुतेक हॉस्पिटलातच. पेशंट वाचला की नातेवाईक म्हणतात, डॉक्टर अगदी देवदूतासारखे धावून आले. चित्रकार पाउल क्लेचा ‘विसराळू देवदूत’ धावून येणाऱ्यांतला नाही. १९३९ सालचं हे पेन्सिलीचं रेखाटन, वहीच्या पानाएवढं. मान कललेली, पापण्या खाली, बोटं छातीपाशी एकमेकांना लागलेली, ओठांवर चोरटं हसू आणि दोन्ही बाजूंना भलेमोठे पंख. गृहपाठ विसरलेलं पोर बाईंसमोर उभं राहावं, तसा हा उभा. काय विसरलाय, ते मात्र क्ले सांगत नाही.

१९३३ मध्ये नाझींनी ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतल्या अध्यापकपदावरून काढल्यावर क्ले स्वित्झर्लंडमधल्या बर्नला परतला. १९३५ मध्ये त्याला जो आजार जडला, त्याचं नेमकं निदान त्याच्या हयातीत झालंच नाही. आज तो स्क्लेरोडर्मा मानला जातो. त्यात कातडी आणि आतले अवयव कडक होत जातात. क्लेचा चेहरा ताठरला, अन्ननलिका आखडली, साधा घास गिळवेना. जन्मभराची सोबतीण व्हायोलिन सुटली. १९३६ मध्ये जेमतेम २५ चित्रं झाली. आणि १९३९ मध्ये, त्याच्याच नोंदवहीप्रमाणे, १,२५३!

आता ते हसू पुन्हा पाहा. स्वतःचा चेहरा मुखवट्यासारखा आवळत चाललेला माणूस एका छोट्या वाकड्या रेघेत ते काढून मोकळा होतो. ही विसंगती जरा जास्तच सोयीची आहे, कबूल. म्हणून मी पंखांकडे वळतो. लांबलचक, सैल रेषा खांद्यावरून सुटतात त्या थेट खाली येतात. छटा नाही, सजावट नाही. पण एवढे पंख असूनही तो उडेल असं क्षणभरही वाटत नाही. ते त्याला मोठ्या मापाचे झालेत.

आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत क्लेने असे बरेच देवदूत काढले: एक बालवाडीतला, एक अजून चाचपडणारा, एक अजून कुरूप. सगळे उमेदवारीवरचे.

ही सगळी चित्रं आजारपणातली, पण क्लेला कुणी कलोपचार दिले नव्हते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एड्रियन हिल हा चित्रकार क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढत होता. ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्याने १९४२ मध्ये रूढ केलं. आज हॉस्पिसमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांपुढे कागद-रंग ठेवतात तेव्हा चित्र चांगलं की वाईट हे कुणी बघत नाही, आणि ते योग्यच आहे. खटकते ती आपली, बघणाऱ्यांची घाई. त्या कागदावर आपल्याला भीती तरी हवी असते, नाहीतर शांती. क्लेच्या ‘मृत्यू आणि आग’मध्ये कवटीसारखा चेहरा आहे, जाड काळ्या रेषा आहेत, त्यामुळे ते लगेच ‘समजतं’. मला हा ओशाळलेला देवदूत अधिक धीट वाटतो. मरणाची चाहूल लागलेल्या माणसालाही खजील व्हायचा, स्वतःवर हसायचा हक्क असतो, आणि क्लेने तो बजावलाय.

२९ जून १९४० रोजी लोकार्नोजवळ तो गेला. शेवटचं म्हणून ओळखलं जाणारं त्याचं वस्तुचित्र निनावीच राहिलं. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर फुलं, भांडी, चंद्र, आणि खाली डाव्या कोपऱ्यात तोच ‘अजून कुरूप’ देवदूत. बढती काही मिळालेली नाही.